तेइजींचा टायगर

शिझुओका, ८ मार्च १९८८

ती. कियोवन्सं यांस हिसाएचा शि. सा. न. वि. वि.

तुमची सफरचंदं पोचली. निम्मी ह्यांच्या फोटोपुढे ठेवली, निम्मी मी संपवली. दिवसकार्य उरकल्यापासून घर उगीच मोठं वाटतं.

ह्यांच्या टेबलावर तो प्लॅस्टिकचा जर्मन टायगर रणगाडा अर्धवटच जोडलेला पडून आहे. काल ह्यांच्या मॉडेलवाल्या मंडळाचे ओगुरामास्तर आले होते. मे महिन्यातल्या प्रदर्शनासाठी आम्ही पुरा करतो म्हणाले. मी त्यांना चहा दिला, रणगाडा दिला नाही. मीच करणार आहे. हसू नका. संसारभर त्या गोंदाचा वास सोसला, थोडा हक्क माझाही आहे.

गुडघे शेकत जा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
हिसाए

मात्सुमोतो, १५ मार्च

चि. हिसाएस कियोचे अ. आ.

हसणार कशी नाही? तू लावलेलं बटण दुसऱ्या धुण्याला सुटतं, आणि निघालीस रणगाडा जोडायला.

पण आता खरं लिहिते. ते खोकं मास्तरांना देऊन टाक, नाहीतर कचऱ्यात घाल. युद्धात बाँब पडून शहर जळालं तेव्हा तेइजीला पाठीला बांधून मी आबे नदीपर्यंत पळाले. आई मागे राहिली, ती राहिलीच. माझी मान गच्च धरून बसलेलं ते पोर मोठं होऊन हौसेनं लढाईची यंत्रं जोडत बसतं, हे मला कधी उमगलं नाही. तुमच्याकडे आले तरी त्या खोलीत मी पाय टाकला नाही. त्यानंही कधी बोलावलं नाही.

राग मानू नकोस. वेळेवर जेवत जा.

कियो

शिझुओका, २४ एप्रिल

ती. वन्सं यांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि तरी काम सोडलं नाही, तेव्हा रागवायचं ते आत्ताच रागवून घ्या.

ह्या गाडीची चाकं एकावर एक चढलेली असतात. मी एक उलटं बसवलं, मग सगळी ओळ उपटावी लागली, त्यात एक मोडलं. मास्तर म्हणाले, चिखलात लपवा. अंगणातली माती चाळून चिखल केला. शेजारणीला वाटलं, मी फुलझाडं लावतेय. कपाटातले ह्यांचे बाकीचे रणगाडे बघत बघत केलं. ह्यांच्यासारखं साधलं नाही, पण कपाचा कान चिकटवावा तसं सगळं धरून बसलंय.

प्रदर्शन मेच्या मध्यावर आहे. या म्हणत नाही. नाही आलात तर मात्र थोडी रागवेन.

लोभ ठेवा.
हिसाए

मात्सुमोतो, २३ मे

चि. हिसाएस अ. आ.

मी आले होते. तुला कळवलं नाही. तू जेवायला गेली होतीस, आणि मास्तर मला ओळखत नव्हते.

चहूकडे रोखलेल्या तोफा बघून परत फिरावंसं वाटत होतं. मग तेइजीच्या नावाची चिठ्ठी दिसली. एक चाक अजून तिरकंच आहे. पट्टा तुटून चिखलात पडलेला, झाकणं सगळी उघडी, आत कोणी नाही. मी मास्तरांना विचारलं, माणसं लावायची राहिली का? ते हसले. तेइजींच्या कुठल्याच रणगाड्यात माणसं नसतात म्हणाले. मंडळात सगळे चिडवायचे, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "गाडी बंद पडली. माणसं ती सोडून घरी गेली."

मास्तरांनी खुर्ची दिली. त्यांना वाटलं, मला उकाड्यानं चक्कर आली. तुझ्यापुढे रडायचं नव्हतं, म्हणून न भेटताच गाडी पकडली.

कपाटातले बाकीचे कोणाला देऊ नकोस. ऑगस्टात पितरांच्या सणाला येते. माझं अंथरूण त्याच्या खोलीत घाल.

तुझी,
कियो