पुरणाचं ताट बंद

ति. अप्पा,
तुळजापुरातून शिवांजलीचा नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

येत्या पाडव्याला खानावळीला वर्ष होतंय. तब्येत बरी आहे. उरलेल्या पुरणपोळ्या मीच संपवल्या, त्यामुळं अंगानं भरलेय.

चूक माझीच. देवीच्या गावात पुरणपोळीचं ताट धडाधड खपंल असं वाटलं होतं. पण इथं येणारी माणसं नैवेद्य स्वतःच्या हातानं करतात आणि तोच जेवतात. माझ्या दारात येऊन विचारायची, "ताई, पुरणयंत्र हाय का? घटकाभर द्या की." वर्षभर मी त्यांच्यावर नुसती चिडले.

आता ते ताट बंद. नव्या वर्षात शेगडी, पुरणयंत्र, मोठी पातेली भाड्यानं देणार. मागच्या मंगळवारी करून बघितलं. चार घरच्या बायांनी माझ्या ओट्यावर स्वयंपाक केला आणि जाताना मलाच पोळी देऊन गेल्या. म्हणजे पोळी काही सुटली नाही.

आपलं लग्नकार्याचं मोठं पातेलं एसटीनं पाठवा. घरी अव्वाचे गुडघे कसे आहेत?

वर्षात जमलं नाही तर परत ये, असं तुम्ही म्हणाला होतात. माझी खोली अजून रिकामी ठेवलीय म्हणं. तिच्यात यंदाची ज्वारी भरा.

तुमची,
शिवांजली