कंबर एकतीस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शाळेचे गणवेश शिवणे, राहणार दुकानाच्या मागच्या खोलीत, आज पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून, कोणाचा दाब किंवा लाडीगोडी नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्या हृदयाबद्दल डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं आहे. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी सुनेवर रागावून केलं होतं आणि तो राग आता उतरला आहे.

१. दुकान, मागची खोली आणि वरचा मजला ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती मुलगा आणि सून यांना निम्मी-निम्मी मिळावी. मुलगा दिवसाचे दहा तास खुर्चीत बसून फोनवर परक्यांच्या तक्रारी ऐकतो. भूक लागली की त्याच फोनवरून जेवण मागवतो. ते दारात येतं, तेवढीच त्याची चाल. आता तो म्हणतो, "आई, लिफ्ट बसवू या." घर एक मजल्याचं. लिफ्टला माझी हरकत आहे आणि ती माझ्या पश्चातही कायम राहील.

२. तिन्ही शिलाई मशीन सुनेला. तिला शिवता येत नाही, पण ती हिशेबी बाई आहे, भाड्यानं देईल. माझी मोठी कात्री काजेवालीला द्यायची होती. ही बाई चाळीस वर्षं माझ्याकडे काजं करते, आणि मी मापं घेताना वहीत लिहूनही घेते. पण वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. साक्षीला तिच्याइतकी विश्वासाची दुसरी कुणी नाही, म्हणून कात्री आज सकाळीच तिच्या हातात ठेवली. ती रडली. मी म्हटलं, "कागद कापू नकोस म्हणजे झालं."

३. माझ्या नणंदेस, तिनेच बारा वर्षांपूर्वी सैल करायला टाकलेला निळा झगा. ती जेवायला आली की नजरेनं माप घेऊन दोनदा सैल केला. आता शिलाईत सोडायला सूतभरही कापड उरलेलं नाही, आणि बाईसाहेब न्यायला आल्या नाहीत. याच नणंदेनं माझ्या नातीकडे बघून भर जेवणात म्हटलं होतं, "हल्लीच्या पोरींचा तोंडावर ताबाच नाही." झगा घरपोच द्यावा.

४. मापांच्या एक्केचाळीस वह्या. या कुणी रद्दीत घालू नयेत. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवाव्यात आणि त्यांनी वाचल्याशिवाय नेणाऱ्यानं उठू नये. दरवर्षी शाळा उघडायच्या आधी मी सहावीच्या सगळ्या मुलींची मापं घेत आले. पहिल्या वहीत कंबर चोवीसच्या आसपास. चोवीस, साडेतेवीस, चोवीस. मुली पायी यायच्या, मधल्या सुट्टीत मैदानावर धुडगूस घालायच्या, आणि मी आठवड्याला डझनभर फाटके गुडघे रफू करायची. मग शाळेची बस सुरू झाली. त्या वर्षीपासून आकडा अर्ध्या-अर्ध्या इंचानं सरकायला लागला. बस उभी कुठे करायची, तर मैदानावर. रफूचं काम बंद पडलं, मी मूर्ख, मला वाटलं मुली शहाण्या झाल्या. पुढे व्हरांड्यात गोड पाण्याच्या बाटल्यांचं यंत्र आलं. आईबाप दोघं रात्री आठला घरी पोचायला लागले, तेव्हा चुलीपेक्षा पुडा लवकर फुटतो, यात त्यांचा तरी काय दोष? एका सफरचंदाच्या पैशांत बिस्किटांचे दोन पुडे येतात. आता सरासरी साडेसत्तावीस आहे.

मुख्याध्यापक, तुम्ही पालकांना चिठ्ठी पाठवता की "मुलांना संयम शिकवा". एका इयत्तेच्या शंभर मुलींचा संयम एकाच वेळी कसा हो सुटला? पोरी होत्या तशाच आहेत. त्यांच्याभोवतीचं सगळं आपण बदललं, आणि वर बोलणी त्यांनाच बसतात.

माझाही यात हात आहे. पूर्वी स्कर्टला हूक असायचा. दोन घास जास्त झाले की हूकच बोलायचा. नंतर तुम्ही म्हणालात इलॅस्टिक लावा, आणि मलाही ते सोपं पडलं. इलॅस्टिक कुणाला काही बोलत नाही. सगळ्या शाळेची तोंडं मी बंद केली नाहीत, पण स्कर्टचं तोंड मीच बंद केलं.

५. आता जे लिहायला बसले ते. गेल्या वर्षी मापाच्या दिवशी माझी नात रांगेत होती. माझी पद्धत अशी, की मी टेप लावते आणि आकडा मोठ्यानं सांगते, म्हणजे काजेवालीला शाळेच्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं. चाळीस वर्षं अशीच ओरडत आले. नातीनं श्वास धरला होता. मी म्हटलं, "सोड गं श्वास." आणि ओरडले, "कंबर एकतीस! अगं बाई, तुझ्या आईचीसुद्धा एवढी नाही."

मागच्या मुली हसल्या. त्या दिवसापासून शाळेत तिचं नाव एकतीस पडलं. ती खाली माझ्याकडे येईनाशी झाली. डबा वाटून टाकायची, हे आम्हांला कळलं सुट्टी लागायच्या आठवड्यात, ती सकाळच्या रांगेत चक्कर येऊन पडली तेव्हा. अकरा वर्षांचं लेकरू. मुलगा मला म्हणाला, "आई, तू मुद्दाम थोडंच केलंस?" मुद्दाम केलं असतं तर एकदाच केलं असतं. सवयीनं केलं, म्हणजे तिच्याआधी कितीजणींना केलं असेल, ते वह्याही सांगू शकत नाहीत.

बाळ, चूक माझी होती. तुझ्या शरीराची नव्हती. तू पोटभर जेव, आणि कुणाला वाटून टाकायचं असेल तर तुझ्या आत्याआजीचा सल्ला वाटून टाक. माझं बँकेत जे काही आहे ते सगळं तुझं. त्यातून मैदान मागायला वकील करायचा असेल तर कर.

६. आज सकाळी मी काजेवालीला माझी मापं घ्यायला लावली. मी श्वास धरला. कधी धरला ते मलाच कळलं नाही. ती म्हणाली, "ताई, सोडा." तेव्हा मला फार लाज वाटली, आणि बरंच काही समजलं. मापं येणेप्रमाणे: छाती चव्वेचाळीस, कंबर सत्तेचाळीस, सीट एक्कावन्न.

वकिलांनी माझ्या मरणाची वाट पाहू नये. हे मृत्युपत्र येत्या रविवारी, मी समोर बसलेली असताना, नणंदेसह सर्व नातेवाइकांपुढे वाचावं. कलम सहामधले आकडे ओरडून वाचावेत, रस्त्यापर्यंत ऐकू जातील असे. त्या वेळी जो कोणी हसेल, त्याचा हिस्सा रद्द.

नात हसली तर मात्र तिला कुणी गप्प बसवू नये.

ठिकाण: दुकान, कापायच्या टेबलावर
दिनांक: शाळा उघडण्याआधीचा गुरुवार
सही: (उजव्या हाताची, चष्मा लावून)

साक्षीदार पहिले: खालच्या गल्लीतले डॉक्टर. लिहिणारी शुद्धीवर आहे. कंबर ऐकून मीच पोट आत घेतलं.
साक्षीदार दुसरी: काजेवाली. मापं मी घेतली, दोनदा तपासली, बरोबर आहेत.