सुटू नये अशी पट्टी

दि. ६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून निदान वर्षातून चार वेळा मी हातात पेन धरतो, असं ही म्हणते. मी म्हटलं, ताईला पूर्वीही माझंच ऐकू यायचं नाही.

इकडची मोठी बातमी म्हणजे कॉलेजात गवत कापायची नवी मशीन आलीय. जुन्या मशिनी आहेतच, पण ही मोठ्या मैदानासाठी. मागून चालत चालवायची. चालवायची कसली, तीच मला फरफटत नेते. लंबूने तिचं नाव म्हैस ठेवलंय. लंबू तुला आठवत असेल, माझ्या हाताखालचा, आपल्याकडे जेवायला आला होता आणि येताना नि जाताना दोन्ही वेळा दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घेतलं होतं. म्हशीची बडदास्त मोठी. सकाळी आधी मैदानभर फिरून दगड, खिळे, बाटल्यांची झाकणं वेचायची. मग तेल बघायचं. काम संपलं की इंजिन गार होऊ द्यायचं, प्लगची वायर काढून ठेवायची आणि मगच पात्याभोवती चिकटलेलं गवत खरवडायचं. ही म्हणते, एवढं घरातल्या मोरीसाठी केलं असतंत तर मी तुमची आरती ओवाळली असती.

एकच त्रास आहे. हाताच्या दांडीखाली आडवा खटका आहे, तो मुठीत दाबून धरायचा. सोडला की पातं बंद, म्हैसही उभी. दिवसभर असं दाबून दाबून माझी बोटं संध्याकाळी उलगडत नाहीत. काल चहाचा कप दोन्ही हातांनी धरून प्यायलो, तर ही खूप हसली.

दाजींना नमस्कार. त्यांचा गुडघा काय म्हणतोय ते कळव आणि या धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
टिल्लू


दि. १५ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचलं, यांनाही वाचून दाखवलं. गुडघा बरा आहे. काम सांगितलं की दुखतो, एरवी नाही.

तुझ्या बोटांचं वाचून मात्र जीव कासावीस झाला. पन्नाशी उलटली तुझी, आता हे दाबादाबीचे उद्योग कशाला? लहानपणी काटा रुतला की अंगणभर धावत माझ्याकडेच यायचास. तेव्हा काढून देत होते, आता इतक्या लांबून काय करू? रात्रभर तेच डोक्यात होतं. सकाळी शिलाईच्या मशीनवर बसले आणि उपाय सुचला. दांडी आणि तो खटका दोन्हींना मिळून गुंडाळेल अशी पट्टी शिवून देते. एका टोकाला काज, दुसऱ्याला बटण. पट्टी लावली की खटका दाबलेलाच राहील आणि तुझी मूठ मोकळी.

तू फक्त माप पाठव. खटका दाबून धर आणि दांडीसकट दोऱ्याने वेढा घे, जिथे जुळेल तिथे गाठ मार नि दोरा पाकिटात घाल. फूटपट्टीने मोजू नकोस, तुझी फूटपट्टी मला माहीत आहे. मागे पडद्यांचं माप पाठवलंस तेव्हा खिडकी निम्मी उघडी राहिली होती.

शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, त्यातलं निळं जाड कापड उरलंय. सुटायची नाही अशी शिवते. तब्येतीला जप आणि ताईची आठवण कामापुरती ठेवू नकोस.

तुझी,
ताई


दि. ११ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पट्टी मिळाली. दोऱ्याचं माप पाठवताना वाटलं नव्हतं की इतकी तंतोतंत बसेल. दुहेरी कापड, दोन्ही कडांना दुपदरी शिलाई, बटणाखाली वेगळा तुकडा. लंबूने ओढून बघितली, हलली नाही. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली आणि तुझं कौतुक केलं. मी कॉलर ताठ करून उभा होतो.

बोटांना खरंच आराम आहे. काल एका हाताने म्हैस वळवली आणि दुसऱ्याने घाम पुसला. कप आता एका हाताने धरतो. ही म्हणते, नणंदबाईंनी माझी करमणूक बंद केली.

तुझ्या हाताला यश आहे, ताई. ते असंच राहो आणि आमच्यावर असंच बरसो.

तुझा,
टिल्लू


दि. ९ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तळ्याकडच्या उतारावर घसरलो आणि पाय मुरगळला. डॉक्टरांनी थोडे दिवस घरी बसायला सांगितलंय. काळजीचं काही नाही. तू मुद्दाम येऊ नकोस, तुझ्याकडे गणवेशांची घाई आहे आणि इथे मी नुसता पडून असतो. ही हातात चहा आणून देते, त्यामुळे मजाच आहे.

दाजींना सांग, आता आम्ही दोघं जोडीने लंगडू. जास्त लिहीत नाही. असू दे तुझा लोभ.

तुझा,
टिल्लू


दि. १९ एप्रिल

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पाय मुरगळला, एवढंच? मग महिनाभर पत्र का नाही? तुझं पत्र इतकं छोटं की मी पाकिटात पुन्हा हात घालून बघितलं. हे म्हणतात, मुरगळलेल्या पायाला जास्त लिहिता येत नसेल. यांच्या विनोदांना मी आजकाल हसत नाही, त्यामुळे ते स्वतःच हसतात.

गणवेश संपले की येते. तू नको म्हण, मी ऐकणार नाही. तसंही मला ऐकू येत नाही.

बाकी एक गोष्ट तुला न विचारता केली. तू लिहिलं होतंस ना, सगळ्यांना पट्टी फार आवडली. तुझं दोऱ्याचं माप जपून ठेवलं होतं. उरलेल्या कापडातून तुझ्या हाताखालच्या चौघांसाठी चार पट्ट्या शिवल्या. त्यांचीही बोटं बोटंच आहेत. तू घरी आहेस म्हणून पार्सल थेट कॉलेजात, लंबूच्या नावाने पाठवलं. आत चिठ्ठी ठेवली की ही ताईची भेट. तेवढाच तुझा मान वाढेल. उद्या-परवा पोचेल.

पायाला शेक दे आणि खरं काय ते सविस्तर लिही. ताईला गोड बोलून गप्प करू नकोस, एवढा हट्ट पुरव.

तुझी,
ताई


दि. २६ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसल्या बसल्या एकदा वाच आणि मगच दाजींना दे.

पाय मुरगळला नाही. डाव्या पायाची दोन बोटं गेली, शेवटची. तिसरं अर्धं राहिलंय. जखम भरत आली आहे, जिवाला धोका कधीच नव्हता.

तळ्याकडचा उतार मी नेहमी आडवा कापतो, वर-खाली कधीच नाही. त्या दिवशी फवारे उशिरा बंद झाले होते आणि गवत ओलं होतं. ओल्यात उतरायचं नाही हे मीच सगळ्यांना सांगत आलोय. पण दुपारी पाहुणे येणार होते म्हणून उतरलो. वळताना म्हैस मागे ओढली, स्वतःच्या अंगावर, तेही करायचं नसतं. पाय सटकला आणि मी बसकण मारली. हात सुटले. हात सुटले की पातं थांबतं, ताई. खटका त्याच्यासाठीच आहे. माणूस पडला, चक्कर आली, काहीही झालं, तरी मूठ सुटते आणि पातं थांबतं. ते थांबलं नाही, कारण पट्टी सुटली नाही.

तुला मी लिहिलं होतं की खटका म्हणजे त्रास. तो कशासाठी असतो, हे लिहिलं नव्हतं. मागच्या वर्षी लंबूने जुन्या मशीनचा खटका तारेने बांधला, तेव्हा मी सगळ्यांसमोर ती तार तोडून त्याला वाट्टेल ते बोललो होतो. आणि तुझी पट्टी आली तेव्हा मी स्वतः लावली. तार बांधतोय असं वाटलंच नाही मला. ताईने शिवलंय, एवढंच वाटलं. तूच सांग, माझ्याएवढा मूर्ख कुठे सापडेल?

पडल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर इंजिन बंद करून पट्टी काढली आणि खिशात घातली. रक्त वाहत होतं आणि मला तुझं नाव झाकायचं होतं. लंबूला नि बाकीच्यांना सांगितलं, त्या दिवशी पट्टी लावलीच नव्हती. मेकॅनिकने खटका कितीदा तपासला, बिचाऱ्याला कळेना की पातं का थांबलं नाही. हिने पँट धुताना पट्टी बाहेर काढली. धुऊन दोरीवर वाळत घातली आणि संध्याकाळी घडी करून माझ्या उशाशी ठेवली. तेव्हापासून ती तिथेच होती आणि मी तुला मुरगळला म्हणून लिहीत होतो. वाटलं, बोटं तर गेलीच, निदान ताईला तरी कळू नये.

आणि मग तुझं पत्र आलं. पार्सल कॉलेजात गेलंय हे वाचल्यावर मी कुबडी घेऊन तसाच निघालो. ही मागून चप्पल घेऊन धावली, तर म्हटलं एकच दे, दुसरी चढत नाही. रिक्षा फाटकाशी सोडली. म्हशीचा आवाज तळ्याकडून येत होता. लंबू उतारावर होता, एका हाताने चालवत होता, आणि दांडीवर निळं काहीतरी लांबूनच दिसलं. हाक त्याला ऐकू जाईना. मी कुबडी टेकत वरच्या बाजूने उतरलो आणि त्याच्या समोर, बऱ्याच अंतरावर, दोन्ही हात वर करून उभा राहिलो. कुबडी कुठे पडली ते मला कळलं नाही. त्याने बघितलं, दोन्ही हात सोडून माझ्याकडे धावत सुटला आणि म्हैस त्याच्यामागे तशीच चालत राहिली. ताई, ती चालत राहिली. मी ओरडलो तेव्हा तो वळला आणि बाजूला उडी मारली. म्हैस तळ्याच्या कठड्याला धडकून बंद पडली.

त्याला काही झालं नाही. गवतावर बसून तो मला एवढंच म्हणाला, “ताईंनी शिवली होती ना, म्हणून लावली.” मी पण म्हणूनच लावली होती.

मेकॅनिकला आणि साहेबांना सगळं खरं सांगितलं. चारही पट्ट्या या पाकिटात परत पाठवतोय. पाचवी मशीनच्या शेडमध्ये खिळ्याला टांगली आहे. ज्या खिळ्यावर पातं अडकवून त्याचा तोल बघतो, त्याच्याच शेजारी.

तुला हे कळू नये म्हणून मी खोटं लिहिलं आणि त्या खोट्यापायी तू आणखी चार शिवल्यास. रागाव, हवं तेवढं रागाव. पण मला परकं करू नकोस.

तुझा,
टिल्लू


दि. ४ मे

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बसूनच वाचलं.

शिलाईच्या मशीनवर माझा जन्म गेला. पाय उचलला की सुई थांबते, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? उजव्या हाताच्या बोटात सुई आरपार गेली होती, तुला आठवत असेल, तूच पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतास. दुखलं तसा पाय आपोआप उचलला गेला म्हणून बोट राहिलं. माझा पाय कुणी प्रेमाने पायट्याला बांधून ठेवला असता तर? तू लिहिलं होतंस, सोडला की पातं बंद. एवढं स्पष्ट लिहिलेलं वाचूनही मी तुझ्या दुखऱ्या बोटांपलीकडे बघितलं नाही. बटण सुटू नये म्हणून खाली वेगळा तुकडा लावला, आणि त्या तुकड्याचा मला किती अभिमान होता म्हणून सांगू. यांना बोलावून दाखवला होता.

तू पट्टी लावलीस म्हणून मी रागावले नाही. मुरगळला लिहिलंस म्हणून रागावले आहे. तू आजारी, लंगडा, थोटा, कसाही असलास तरी माझा टिल्लूच आहेस. पण तू खोटं लिहितोस तेव्हा मी इथे बसून कुणासाठी काय शिवते आहे, तेच मला कळत नाही. लंबूला काही झालं असतं तर त्याच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं? ती चिठ्ठी माझ्या हातची होती.

चारही पट्ट्या उसवल्या. शिवण्यापेक्षा उसवायला जास्त त्रास झाला. हे शेजारी बसून दोरे वेचत होते, एकही विनोद केला नाही. पाचवी तिथेच खिळ्याला राहू दे. नव्या माणसाला दाखवशील तेव्हा कुणी शिवली तेही सांग, लपवू नकोस. फक्त कुणी शिलाईचं कौतुक केलं तर मला कळवू नकोस.

आता एक काम कर. बोटं नाहीत तिथे बूट पुढून मोकळा राहणार, पाय आत सरकणार, आणि सरकला की तू पुन्हा पडणार. त्या जागी बसेल अशी गादी शिवते, मऊ, आत कापूस भरून. डॉक्टरांना आधी विचार, ते हो म्हणाले तरच. कापड तेच निळं आहे, दुसरं घ्यायला माझं मन झालं नाही.

माप लागेल. दोऱ्याचं नको. मोठा कागद जमिनीवर ठेव, दोन्ही पाय त्यावर ठेव आणि हिला पेन्सिलने भोवती आखायला सांग. तू वाकून आखू नकोस, तुझ्या हातचं माप मी आता घेणार नाही. उजवा आहे तसा आखायचा. डावाही तसाच, जिथे बोट नाही तिथे पेन्सिल आत वळवायची. मला वाईट वाटेल म्हणून तिथे बोट काढू नका.

कागद पाठव, तोवर मशीनवर झाकण घालून बसते.

तुझी,
ताई