सहा किलोंचा मान्य फरक

२ सप्टेंबर, दुपार
हॉस्पिटलच्या काट्यावर ८४ किलो. तेही बुटांसकट. बूट काढते म्हटलं तर नर्स म्हणाली, राहू द्या हो, काही फरक पडत नाही. सव्वीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक आहे मी. खोक्यासकट केक तोलणाऱ्यांना रडवलंय. आणि ही मला सांगते, फरक पडत नाही.

मुद्दा असा. दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा त्याला मशीनला लावतात. किडनी मी देणार. बाकी सगळं जुळलं, पण डॉक्टर म्हणतात, आधी ७८च्या आत या. मुदत तीन महिने. म्हणजे सहा किलो. डाव्या हातचा मळ.

वहिनी मध्येच म्हणाली, वन्सं, मीही तपासण्या करून घेऊ का? मी सगळ्यांदेखत सांगितलं, माझ्या भावाला मी आहे. या बाईचं अख्खं वजन पन्नास किलो, त्यातून किडनी काढली तर उरणार काय?   मी बोलले की आमच्याकडे विषय संपतो.

४ सप्टेंबर
आहारतज्ज्ञबाईंकडे गेले. बाई कसली, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची पोर. म्हणे, बाईला दिवसाला किती कॅलरी लागतात हे तिचं वय, उंची, वजन आणि श्रम यावर ठरतं. माझं गणित तिने मांडलं. आहे तेच वजन राखायचं तर १९००, उतरवायचं तर १४००. श्रमाच्या रकान्यात 'हलके' या शब्दावर खूण केली.

हलके!

कामात चालणं किती होतं, असं तिने विचारलं होतं. मी खरं ते सांगितलं. जीपमधून दुकानात, दुकानातून जीपमध्ये. खरं बोलणाऱ्याचं या जगात असंच होतं.

५ सप्टेंबर, सकाळ
गणित पुन्हा केलं. 'अतिश्रम' धरले. वीस-वीस किलोंची चार प्रमाणित वजनं रोज जीपमधून उतरतात, चढतात. उचलतात शिपाईकाका, पण सही माझी असते, जबाबदारीही माझीच. अतिश्रमाला राखण्यासाठी येतात २४००. त्यातून ५०० वजा. म्हणजे मी १९०० खायचे.

नवरा म्हणाला, अगं, १९०० तर ती वजन राखायला म्हणाली होती ना? याला आकड्यांतलं काय कळतंय. बँकेत असतो.

१२ सप्टेंबर
८४.३. पहिला आठवडा आहे, शरीर गोंधळलंय. नियम पक्के केले. उभ्याने खाल्लेलं धरायचं नाही, कारण उभं राहायला शक्ती लागते. स्वयंपाक करताना चव बघणं हे तपासणीत मोडतं. धाकटी ताटात टाकते ते तिच्या नावावर, मग संपवो कोणीही. चहातली साखर औषध आहे, तिच्याशिवाय मी माणसांशी नीट बोलू शकत नाही. (साखरेसकटही बोलत नाही, असं नवऱ्याचं मत. विचारलं कोणी?)

१९ सप्टेंबर
कोपऱ्यावरच्या बेकरीची तपासणी. अर्ध्या किलोच्या बिस्किटांच्या पुड्यात वीस ग्रॅम कमी. काटा तिथेच बंद करून मोहर लावली. बेकरीवाला गयावया करायला लागला, बाई, वीस ग्रॅमचं काय एवढं, एक बिस्किट इकडे-तिकडे. मी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर झापला. वीस ग्रॅम म्हणजे वीस ग्रॅम. आज बिस्किट, उद्या पुडा. अशाने माणूस स्वतःलाही फसवायला लागतो, असंही म्हणाले. गिऱ्हाइकं अगदी भारावली.

पुडा पुरावा म्हणून जप्त केला. जीपमध्ये तो थोडा फाटला. फाटलेला पुरावा कोर्टात चालत नाही.

२० सप्टेंबर
८४.६. हे ८४च धरायचं. मोठ्या काट्याला मान्य फरक असतो, कायदाच तसं म्हणतो. मी काही सोनाराचा काटा नाही.

१ ऑक्टोबर
८४.९. आता मात्र घरच्या काट्याचा संशय यायला लागला. शिपाईकाकांकरवी ऑफिसची चारही वजनं तिसऱ्या मजल्यावर आणवली. चार खेपा झाल्या. न्हाणीघरात मांडली. काटा म्हणाला ८०. ना एक ग्रॅम जास्त, ना कमी. काकांनी जिन्यात बसून घाम पुसला आणि म्हणाले, बाई, काटा चोख आहे.

त्यांना मत विचारलं नव्हतं. शिवाय लोखंड पाणी पीत नाही, मी पिते. लोखंडाचा काटा माणसाला लावणं हेच मुळात अशास्त्रीय आहे. काकांना चहा-बिस्किटं दिली. त्यांना एकट्याने खायला संकोच वाटला असता.

९ ऑक्टोबर
दादाबरोबर डायलिसिसला बसले. चार तास. त्याच्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगली आहे. बिनमिठाचा भात खातो आणि पेल्यावर रेघ मारून पाणी पितो. या माणसाने आयुष्यात कधी पाणी मोजलं नव्हतं. मला म्हणाला, छोटे, सावकाश कर, मला काही घाई नाही.

इतका राग आला! घाई नाही म्हणजे काय? स्वतःच्या जिवाची घाई नसते का माणसाला? मी नर्सवर ओरडले, उशी नीट नाही म्हणून. मग खाली कँटीनमध्ये गेले आणि चीजची दोन सँडविचं खाल्ली. वहीत धरणार नाही. अशा वेळी हिशेब ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत.

२३ ऑक्टोबर
उद्यापासून रोज पाच किलोमीटर चालणार. नवे बूट आणले.

२४ ऑक्टोबर
बूट चावतात.

२५ ऑक्टोबर
बूटवाल्याकडे जाऊन त्याला सुनावलं. जाऊन-येऊन दीड किलोमीटर झालं. रिक्षाने, पण रागाने कॅलरी जळतात असं कुठेतरी वाचलंय. तसं असेल तर मी एव्हाना काडी व्हायला हवी होते.

५ नोव्हेंबर
आहारतज्ज्ञबाईंचा फोन. रोजचं खाणं वाचून दाखवा म्हणाली. मी ठणकावून वाचलं, १९००, १९००, १९००. तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, ताई, १९००मध्ये तुमचं वजन उतरणारच नाही, मी तेव्हाच सांगितलं होतं. आणि हळूच विचारलं, तुम्हाला ऑपरेशनची भीती वाटतेय का? वाटत असेल तर सांगा, तसं चालतं, दुसरा दाता शोधता येतो.

फोन आपटला. भीती? मला? एका खाटकाने माझ्यासमोर सुरा आपटला होता तेव्हा मी त्याच सुऱ्याने त्याच्या काट्याची दोरी कापली होती. हल्लीच्या पोरींना मोठ्यांशी बोलायचं कळत नाही. वरिष्ठांकडे तक्रार करणार.

फ्रिजमध्ये अर्धा केक उरला होता. टाकवला नाही.

२४ नोव्हेंबर
शेवटचा आठवडा. ८५.२. आजपासून फक्त सूप. सात दिवसांत सात किलो. मनात आणलं तर मी काहीही करू शकते.

२६ नोव्हेंबर
दुकानात चक्कर आली. धान्यवाल्याने पोत्यावर बसवून केळी दिली. पाच खाल्ली. नंतर त्याचा काटा तपासावासा वाटला नाही. सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं. नवरा म्हणतो, झेपत नसेल तर दादाला सांगून टाक. त्याच्याशी बोलणं बंद केलंय.

१ डिसेंबर, संध्याकाळ
हॉस्पिटल. बूट काढले. घड्याळ, चष्मा, कर्णफुलं काढली. श्वास सोडून काट्यावर उभी राहिले. ८५.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. ते एवढंच म्हणाले, या वजनावर आम्ही तुम्हाला टेबलावर घेऊ शकत नाही, तुमच्याच जिवाला धोका. मग मीच ओरडले. काट्यावर, आहारावर, सरकारवर. माझ्या भावाचं काय, असं विचारलं.

तेव्हा वहिनीने पिशवीतून एक फाइल काढून टेबलावर ठेवली. सगळ्या तपासण्या झालेल्या. सगळं जुळणारं. वर तारीख, ६ ऑक्टोबर.

म्हणजे ९ तारखेला मी दादाच्या उशाशी बसले होते, तेव्हा त्याला माहीत होतं.

मी विचारलं, मग दोन महिने थांबलात कशाला? वहिनी पदराशी चाळा करत म्हणाली, वन्सं, तुम्ही म्हणाला होता ना, तुम्ही देणार म्हणून. दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, तुला राग आला असता गं.

घरी येऊन मोजलं. आठ आठवडे, दर आठवड्याला तीनदा. माझ्या रागापायी चोवीस वेळा त्या हातात सुया गेल्या.

२ डिसेंबर
काटा बघितला नाही. जेवणही गेलं नाही.

मला भीती वाटत होती. पहिल्या दिवसापासून. हॉस्पिटलने दिलेलं ऑपरेशनचं माहितीपत्रक मी उघडलंसुद्धा नाही, कपाटात कपड्यांखाली ठेवलंय. दर वेळी काटा खाली यायला लागेल असं वाटलं की मी काहीतरी तोंडात टाकत होते. मला वाटलं कोणाला कळत नाही. मला स्वतःलाही कळत नाही असंच मी धरून चालले होते. पोरीने फोनवर एका वाक्यात ओळखलं. वरिष्ठांकडे तक्रार करणार नाही.

चिडायला बसले तर कोणी सापडेना. वहिनीवर चिडावं तर ती स्वतःला कापून घ्यायला निघाली आहे. तीस वर्षांत मी तिचं एकही वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही.

५ डिसेंबर
वहिनीकडे गेले. माफी मागायचं ठरवून गेले होते. जमलं नाही, तिच्या गॅसच्या शेगडीची नळी जुनी झाली म्हणून बोलून आले. पण परत निघताना तिने वाक्य सुरू केलं ते पूर्ण ऐकलं. तिलाही भीती वाटते म्हणाली. झोप लागत नाही. मी काय सांगणार? हात धरून बसले थोडा वेळ.

१४ डिसेंबर
ऑपरेशन. वहिनी स्ट्रेचरवरून म्हणाली, वन्सं, तुम्ही बाहेर बसा, तुम्ही असलात की इथली माणसं पटापट हलतात. तिने मला काम दिलं. मी सज्ज होऊन बसले, कोणी उशीर करो, कोणी उद्धट बोलो, कोणी चुकीची फाइल आणो.

सगळे वेळेवर आले. सगळे नीट बोलले. फाइल बरोबर होती. साडेसहा तासांत ओरडायला एक कारण मिळालं नाही. दोघांचंही व्यवस्थित झालं. वहिनीचा हात गार होता, पांघरूण सारखं केलं.

संध्याकाळी पाच मिनिटं दादाजवळ सोडलं. डोळे उघडून त्याने आधी वहिनीबद्दल विचारलं. मग माझ्याकडे बघत, आवाज फुटत नसताना, म्हणाला, छोटे, चिडली नाहीस ना?

नाही म्हटलं. दोनदा सांगितलं. त्याला ते खरं वाटलं नाही.