तू ढोरं डोंगरात नेलीस ते साल

माय, आज शेजारच्या सुनेनं विचारलं, तुमची आई काय करायची हो? मी म्हटलं, ढोरं पाळायची. "म्हणजे घरची दोन-चार गुरं का?" म्हणाली. मी नुसती हसले. सकाळी आपला कळप सुटायचा तेव्हा धानोऱ्याच्या वाटेवर असा धुळीचा लोट उठायचा की समोरचं घर दिसायचं नाही, आणि त्या धुळीतून लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेली तू काठी घेऊन बाहेर यायचीस, हे तिला कसं सांगू? तिला सांगायचं राहिलं ते तुलाच सांगत बसले आहे, जणू तू तिथे नव्हतीस.

मोठ्या लढाईच्या शेवटी मानमोडीच्या तापाची साथ आली आणि बाप तिच्यात गेला. पाऊस त्या साली आलाच नव्हता. कडबा संपला, तापीकाठचं गवत मुळासकट खाऊन झालं. गावातले लोक एकेक करून जनावरं बाजारात नेऊ लागले. बापाचे दिवस झाल्यावर काका ओसरीवर येऊन बसला. तू आतून दाराच्या आडून ऐकत होतीस. तो म्हणाला, "वहिनी, ढोरं सांभाळानं बाईमानूसनं काम नही. खांडबाराना बजारमा इकी टाकूत." तू डोक्यावरचा पदर नीट केलास आणि सरळ बाहेर आलीस. दिरापुढे तू अशी उभी राहिलेली मी प्रथमच पाहिली. "इकानं नही, भाऊ. मी लई जास त्यास्ले डोंगरमा." लोक काय म्हणतील, एवढंच काका पुटपुटला. लोक म्हणालेच. आपण निघालो तेव्हा बायका दारात उभ्या राहून बघत होत्या, जणू तू पळून चालली होतीस. कळप, आपला म्हातारा गुराखी, तू आणि मी. नदीत तेव्हा गुडघ्याएवढंही पाणी नव्हतं. पहिला मुक्काम लोणखेड्याच्या शिवारात झाला. तिथून पुढे डोंगर दिसू लागले, आणि माझे पाय सुजले म्हणून तू मला म्हशीच्या पाठीवर बसवलंस.

सातपुड्यात एका नाल्याकाठी आपण झोपडी घातली. वरच्या अंगाला पावरा जमातीतल्या एका म्हातारीचं घर होतं. तिची बोली तुला कळायची नाही, तुझी तिला. हातवाऱ्यांनीच तिनं गवत कुठे आहे ते दाखवलं, पाणी दाखवलं, वाघाची वाट दाखवली. तिचीही गुरं त्याच नाल्यावर पाण्याला यायची, थोडीच, पण तिचं सारं घर त्यांच्यावर. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या ढोरांना खुरकूत झाली, एकापासून दुसऱ्याला लागणारी. तोंडातून लाळ गळतेय, खुरांना जखमा, उभं राहवत नाही. तू त्याच दुपारी सगळी ढोरं नाल्यावरून हलवून खालच्या उजाड खोऱ्यात नेलीस. तिथे पाणी नव्हतं. घागरीनं पाणी आणून एकेका तोंडाला लावायचं, कडुनिंबाच्या काढ्यानं खुरं धुवायची. माझे खांदे सोलून निघाले. मी चिडून म्हटलं, "नालावर ऱ्हायनी असती ते त्या डोकरीले काय समजतं?" तू खुरावरची माशी हाकलत म्हणालीस, "माले समजतं ना."

लाडकी तांबडी गाय मेली तेव्हा मी रडायला लागले. "रडजो मंग. पह्यले पानी लई ये," म्हणालीस तू. किती राग आला होता मला! घागर भरून परत आले तर तू तिच्या मानेवर हात ठेवून बसली होतीस आणि तुझे खांदे हलत होते. मी मागेच थांबले, घागर खाली न ठेवता. त्यानंतर काही दिवसांनी म्हातारी तिच्या दोन्ही मुलांना घेऊन खोऱ्याच्या काठावर आली. त्यांच्या डोक्यावर पाल्याचे भारे होते. तिनं वरूनच ते खाली ढकलले, शेवटी फडक्यात बांधलेली मक्याची भाकरही टाकली, आणि तुझ्याकडे बघत तिथेच बसून राहिली. तिच्या गोठ्यातलं एकही जनावर आजारी पडलं नाही. आपली बरीच वाचली.

पाऊस लागल्यावर परतताना तापी भरली होती. पाणी ओसरेपर्यंत थांबा, असं काठावरचे लोक सांगत होते. पण पलीकडून कुणीतरी ओरडून सांगितलं की गावात पेरणीला बैलच उरले नाहीत. जमिनीतली ओल गेली तर सारं गाव उपाशी. तू पाण्याकडे बघत उभी आहेस. मग मोठ्या म्हशीला आत घालतेस, तिची शेपटी माझ्या हातात देतेस. "डोया मीटी ले, पन शेपटी सोडू नको वं माय." मी डोळे मिटत नाही. मध्यावर एक कालवड धारेला लागते. तू तिच्याकडे बघतेस, आणि मग माझ्याकडे. तुझी मूठ माझ्या मनगटावर आवळते. कालवड ओरडत दिसेनाशी होते. बाकीची एकेक करून चिखलात चढतात, मागून गुराखी खोकत येतो.

संध्याकाळी काका आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, मान खाली. त्यानं स्वतःची बैलजोडी केव्हाच विकली होती. मला वाटलं, आता माय बोलेल. तू चुलीपुढून उठलीसही नाहीस. "पह्यले जेवी ल्या, भाऊ. मंग जोडी लई जा." तो जेवताना रडत होता. तू दुसरीकडे बघत भाकरी थापत राहिलीस. त्या साली आपल्या बैलांनी सगळ्या गावाची पेरणी केली.

पुढे तू खांडबाऱ्याच्या बाजारात स्वतः गाडी हाकत जायचीस, अडलेल्या गाईसाठी दूरच्या गावांहून लोक तुला बोलवायला यायचे. मला मात्र तू नंदुरबारला मावशीकडे शाळेत ठेवलंस. मी जाणार नाही म्हणून बाजेचा खूर धरून बसले, तेव्हा माझी बोटं तूच एकेक करून सोडवलीस. अखेरच्या आजारात तू बाज गोठ्यासमोर टाकायला लावलीस. कळप परत येत होता, तू प्रत्येक जनावराला हाक मारत होतीस, आणि हाका मारता मारता थांबलीस.

हे कागद आता ट्रंकेत ठेवीन. एक सांगायचं आहे, माय. हे सगळं मी शाळेच्या मराठीत लिहिलं, तू हसशील. आधी आपल्या बोलीत सुरू केलं होतं. "माय, तू कशी शे" एवढं लिहिलं, आणि पुढचं अक्षर दिसेना.