ट्रामच्या पुढचा माणूस

तीर्थरूप मामांना, पायाला भिंगरी लागलेल्या भाच्याचा वाकून नमस्कार. (लांबूनच वाकलोय, पण नीट वाकलोय.) तुमचा खोकला आता ताळ्यावर आला असेल, मामीही बऱ्या असतील. मी मजेत आहे. वजन वाढलं आहे आणि गणवेश वाढलेल्या वजनाच्या मापानेच शिवला आहे. होय, गणवेश. तुमचा भाचा नोकरीला लागला.

नोकरी ट्रामची. इथल्या जुन्या शहरातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून बायका हात लांब करून एकमेकींना वाटीभर साखर देतात. मोटारींच्या धुराने भिंती काळ्या पडल्या, म्हणून मोटारी बंद केल्या आणि ट्राम आणली. वर तारा नाहीत, कारण तारा आल्या की खांब आले आणि खांब आले की कोरीव सज्जे झाकले गेले. गाडी बॅटरीवर चालते, थांब्याथांब्यावर घोटभर वीज पिते आणि पुढे जाते. रुळांच्या मधे हिरवळ लावली आहे. सगळं झकास, पण गाडीला आवाजच नाही. लोक हिरवळीवर गाद्या उन्हाला घालतात, एक आजोबा तर खुर्ची टाकून बसतात, आणि पाठीशी ट्राम येऊन उभी राहिली तरी त्यांना पत्ता नसतो. तेव्हा लोकांना सवय होईपर्यंत गाडीपुढे घंटा वाजवत चालायला माणूस हवा होता. तो मी. (शिक्षण काय, असं विचारलं. म्हटलं, चालता येतं. लगेच घेतलं.) नियम एकच, पुढे माणूस नसेल तर गाडी बोटभरही हलवायची नाही. आणि गाडी चालवणाऱ्या ताई नियमाला एकदम पक्क्या.

मंगळवारी गाडीत जुन्या इमारतींची कमिटी आणि आमचे ट्रामचे साहेब बसले होते. अध्यक्षीणबाई ट्रामच्या कट्टर विरोधात, गाडीने भिंतींना हादरे बसतात असं त्यांचं म्हणणं. त्या नको म्हणाल्या की जुन्या शहरातला मार्ग रद्द, आणि मार्गाबरोबर मीही. साहेबांनी बजावलं होतं, आज सरळ चाल. मी सरळच चाललो होतो. पण वेशीच्या अलीकडे एका घराच्या वरच्या मजल्यावरून दोर लावून कपाट खाली सोडत होते. जिना अरुंद, कपाट रुंद, त्यात दोराची गाठ चुकलेली. (गाठींमधलं मला कळतं, गलबतावर होतो तेव्हापासून. ते गलबत बुडालं, पण त्याचा गाठींशी संबंध नव्हता.) मी गाठ बदलून दिली. कपाट सुखरूप उतरलं, चौघांनी उचललं आणि ते शेजारच्या गल्लीत शिरले. पुढे ही गर्दी. आता मामा, हातात घंटा असलेल्या माणसाने काय करावं? मी कपाटाच्या पुढे चाललो. लोक बाजूला झाले, भाजीवाल्याने हातगाडी मागे घेतली, पोलिसाने सायकली अडवल्या. इतक्या थाटात कपाट कुठल्या राजाचंही गेलं नसेल. ते नव्या घरात भिंतीला लागलं, मालकिणीने मला पाणी दिलं, आणि दुसऱ्या घोटाला आठवलं की माझ्या मागे मुळात ट्राम होती.

धावत आलो तर गाडी होती तिथेच उभी, ताई हाताची घडी घालून बसलेल्या.

"चला की ताई," मी म्हटलं.

"कपाट पोचलं का नीट?" त्या म्हणाल्या. (गल्लीतली बातमी माझ्याहून जोरात पळते.)

साहेबांच्या चेहऱ्याचं वर्णन करत नाही, तुम्ही मोठे आहात. गाडीभोवती सगळी गल्ली जमली होती, आजोबांनी खुर्ची तिच्या सावलीला सरकवली होती, कुणीतरी कमिटीला चहा दिला होता, आणि अध्यक्षीणबाई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. जाग आल्यावर त्यांनी भिंतींकडे निरखून पाहिलं. म्हणाल्या, "हादरा काही जाणवला नाही." साहेब तोंड उघडणार होते, पण ताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "अशीच वागणार असेल तर माझी हरकत नाही," बाई म्हणाल्या. झालं, मार्ग मंजूर. तो माझ्यामुळे मंजूर झाला हे साहेबांना अजून पटलेलं नाही. पटेल.

बाकी सगळं ठीक. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना पापे.

तुमचा नोकरदार भाचा

ता. क. साहेबांनी मला त्याच दिवशी काढलं होतं. ताई मधे पडल्या. म्हणाल्या, "घंटा छान वाजवतो हो. गाडीपुढे एक माणूस लागतो, तसा ह्याच्याही पुढे एक लावा." त्यावर साहेबांची अट अशी की सोमवारच्या फेरीला घरचं वडीलधारं कुणीतरी माझ्यापुढे चालावं. मी शेवटच्या थांब्यापर्यंत त्यांच्या मागे टिकलो तर नोकरी कायम. मामा, मी आजवर नोकऱ्या बऱ्याच सोडल्या, पण ही सुटू नये असं फार वाटतं. नुसतं चालण्याचा पगार देणारं दुसरं कोण भेटणार? रस्ता सपाट आहे, तुमच्या गुडघ्यांना हिरवळ मऊ लागेल. तुमचा होकार मी कळवून टाकला आहे.

आणखी एक ता. क. आत्ताच मामींचा फोन आला होता. मी हात धूत होतो म्हणून ताईंनी उचलला. बराच वेळ नुसतं "हो, हो" करत उभ्याने ऐकत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "मामांना कशाला त्रास? ह्यांनाच बोलाव." तेव्हा तुम्ही घरी आराम करा आणि मामींना पाठवा. त्यांच्यासाठी दुसरी घंटा मागवायची का, असं साहेब विचारत होते. ताईंनी सांगितलं, लागणार नाही.