ओकायामाच्या हिंदी विभागाची हकिकत

लकडगंज, नागपूर
१९ जानेवारी १९८६

चि. जयवंता,

तुला आम्हा सगळ्यांचे आशीर्वाद. इकडे ठीक आहे. थंडी यंदा बऱ्यापैकी पडली, वखारीत माणसं सकाळी सालपटं पेटवून बसतात. तुझी काकू मजेत आहे, गुडघ्याची तक्रार चालूच.

दादाच्या नावानं तू पाठवलेलं पत्र मिळालं. पाच वर्षांनी तुझं अक्षर या घरात आलं. उत्तर मात्र मी लिहितो आहे. दादाच्या उजव्या हाताला सध्या जरा त्रास आहे.

तुमच्या विद्यापीठाला, अगदी पहिल्या वर्गापासून धरून, चाळीस वर्षं होतात, त्याचा इतिहास छापून निघणार आणि त्यातलं हिंदी विभागाचं प्रकरण तुझ्याकडे आलं, हे कळलं. विभागाची हकिकत वडिलांकडून हवी, असं तू लिहिलंस. मला ठाऊक आहे तेवढं सांगतो. मी लाकडाचा व्यापारी, चुकलं तर दुरुस्त करून घे.

दादा सांगायचा, पंचेचाळीस साली लढाईत जपानातलं ते ओकायामा जळालं. पुढच्याच वर्षी एका शाळामास्तरानं आणि त्याच्या बायकोनं देवळाच्या ओसरीवर इंग्रजीचा वर्ग काढला. कालपर्यंत जी शत्रूची भाषा, ती शिकवतात म्हणून शेजारी तोंड फिरवत. मास्तराचं म्हणणं एवढंच, की समोरच्याची भाषा कानावरून गेली असती तर आपली पोरं त्याला मारायला इतक्या सहज निघाली नसती. वर्गाची शाळा झाली, शाळेचं कॉलेज, आणि १९६५ साली खाजगी विद्यापीठ. इंग्रजी, स्पॅनिश, चिनी झाल्या. मग अध्यक्ष झालेल्या त्या म्हाताऱ्या मास्तराला हिंदुस्थानची भाषा हवी झाली. दादा तेव्हा इथे कॉलेजात हिंदी शिकवायचा. त्याला बोलावणं आलं. गावाहून तुझे आजोबा, बापूजी, आले होते, ते संत्र्याची फोड तोंडात धरून म्हणाले, "हिंदी शिकवाले जपानात काहून जाऊन राहिला गा? इथल्या लोकायले येते काय धड?" तरी दादा गेला. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. प्रेमलतावहिनींच्या कडेला चिकटून गाडीत चढलीस, एवढं आठवतं.

पुढचं तुला जास्त माहीत. वहिनी तिकडेच वारल्या. १९८१ ला विभाग बंद झाला, दादा भांडून परत आला आणि तू त्याच विद्यापीठात नोकरी धरलीस. "ज्या घरानं मले हाकललं, त्याच घरी माझी पोरगी पाणी भरून राहिली," एवढं तो बोलला. त्यानंतर तुझं नाव त्याच्या तोंडून आलं नाही.

इथवर लिहून हे पत्र मी बाजूला ठेवलं होतं. हाताचा त्रास लिहिला, तो तेवढाच नाही. दिवाळीनंतर दादाला अर्धांगाचा झटका आला. धंतोलीच्या दवाखान्यात होता, आता घरी आहे. उजवी बाजू गेली. वाचा जाईल असं डॉक्टर म्हणाले होते. ती गेली नाही, पण मराठी गेली. हिंदी गेली, इंग्रजी गेली. राहिली ती जपानी. सकाळी उठल्यापासून तो तुमच्या त्या भाषेत बोलतो आणि आम्ही नुसते तोंडाकडे पाहतो. एकदा सारखं "मादो ओ शिमेते कुदासाइ" म्हणत होता. काकूनं पाणी दिलं, उशी बदलली, देवाचा फोटो दाखवला. शेवटी तीच रडायला लागली. "भाऊजी, काय पायजे तुमाले? हातानं तरी दाखवा ना!" दादानं डावा हात छातीशी धरून मान खाली घातली, पाहुण्यासमोर घालावी तशी.

डॉक्टर म्हणतात, असं क्वचित होतं. कधी पालटतं, कधी नाही.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. मराठी त्याला कितपत कळली, सांगता येत नाही. पण विद्यापीठाचं नाव ऐकताच तो सावरून बसला आणि बोलू लागला, घसा बसेपर्यंत. मी कानाला आलं तसं देवनागरीत उतरवलं. कागद सोबत जोडले आहेत. शेवटी शेवटी तो "गाकुसेइ गा कोनाकु नात्ता" असं काहीसं पुन्हा पुन्हा म्हणत होता. काय ते कळव.

यावंस की नाही, ते तुझं तू ठरव. मी तसं काही लिहीत नाही.

मनोहरकाका


ओकायामा
८ फेब्रुवारी १९८६

तीर्थरूप मनोहरकाका,

तुम्हाला आणि काकूला वाकून नमस्कार.

"मादो ओ शिमेते कुदासाइ" म्हणजे, खिडकी लावता का. त्यांना थंडी वाजत होती. बरंच काही तुम्हाला विचित्र वाटलं असेल, पण त्यांच्या बोलण्यात काही बिघाड नाही. सगळं नीट आणि अतिशय अदबीचं आहे.

तुम्ही उतरवलेले शब्द मोठ्यानं वाचले तेव्हाच त्यांचा अर्थ लागला. बाबा सभेत बोलताहेत असं वाटतं. पहिल्या वर्गातल्या मुलांना ट आणि त यांतला फरक कळेना, म्हणून त्यांनी प्रत्येकाला तोंडासमोर आरसा धरायला लावला आणि सगळा वर्ग स्वतःची जीभ बघून हसत सुटला, हे त्यांनी सांगितलं आहे. हे मला माहीत नव्हतं.

"गाकुसेइ गा कोनाकु नात्ता" म्हणजे विद्यार्थी येईनासे झाले. त्याच्यापुढे आहे: कोणाचाही दोष नाही, अध्यक्षांनी माझा रिकामा वर्ग दोन वर्षं चालू ठेवला, त्यांचे आभार मानायचे माझ्याकडून राहून गेले. काका, ही गोष्ट मराठीत आमच्या घरात कधी बोलली गेली नाही. मराठीत फक्त अपमान होता.

आणि सगळ्यांत शेवटी ते म्हणतात, अधिक माहिती हवी असल्यास माझ्या मुलीला विचारावं, ती इथेच काम करते.

प्रकरण मी लिहून दिलं. अध्यक्षांचे आभार त्यात बाबांच्या नावानं घातले. मार्चमध्ये सुट्टी लागते. मी येते.

तुमची
जयवंता


लकडगंज, नागपूर
२७ एप्रिल १९८६

चि. जयवंता,

तू सुखरूप पोचल्याची तार मिळाली. ऊन चढलं आहे, वखारीत दुपारी उभं राहवत नाही.

तू होतीस तेवढे दिवस घरातली हवाच बदलली होती. तुम्ही दोघं खोलीत बोलायचात, मध्येच हसायचात, आणि काकू दाराशी उभी राहून मला विचारायची, "काय म्हणून राहिले असतील हो?" मी म्हणायचो, चांगलंच असेल. आम्हाला अक्षर कळलं नाही, पण घर भरल्यासारखं होतं. निघताना तू त्याच्यासमोर बराच वेळ वाकून उभी होतीस. त्यानं डावा हात तुझ्या डोक्यावर ठेवला, ते मी पाहिलं.

आता झालं ते सांगतो. तू गेल्यावर तो गप्प झाला. आम्हाला वाटलं, तुझी आठवण असेल. मग एका सकाळी काकूनं चहा दिला, तर घोट घेऊन म्हणाला, "साखर नाही काय वं घरात?" काकूच्या हातातली बशी सुटली. त्या दिवसापासून रोज थोडी थोडी मराठी परत येते आहे. डॉक्टर खूश आहेत. मीही होतो.

जपानी मात्र गेली. मी मुद्दाम तुझी खिडकीची ओळ म्हणून पाहिली. तो म्हणाला, "काय बरळून राहिला मन्या?"

काल संध्याकाळी त्यानं विचारलं, "जयवंताचं काही कळते काय?"

मी म्हटलं, "दादा, ती येऊन गेली. तुझ्याजवळ बसून होती. तुम्ही दोघं किती बोललात!"

"मले काहून नाही सांगितलं?" तो म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. त्याला तुझं येणं, तुमचं बोलणं, काहीच आठवत नाही. मग मी त्याला त्या छापल्या जाणाऱ्या प्रकरणाचं सांगितलं, अध्यक्षांचे आभार मानल्याचंही. वाटलं, आता भडकेल. तो भिंतीकडे तोंड करून पडला. तिकडूनच म्हणाला, "मी असं म्हटलं? कोणत्या भाषेत?"

मी म्हटलं, जपानीत.

"मंग खरं असंन," एवढंच बोलला.

रात्रीचं जेवण त्यानं तसंच ठेवलं. आज सकाळी मात्र वखारीत निघालो तेव्हा मला थांबवलं. "तिले लिहून दे. म्हण, बाप मराठीत बोलाले शिकून राहिला. चुका होतील."

मागच्या वेळी तू तिकडचं सगळं सोडून धावत आलीस आणि तो तुला त्या परक्या भाषेत भेटला. त्यातलं त्याच्याकडे आता काही उरलं नाही, जे आहे ते तुझ्याकडे. तुला पुन्हा एवढा प्रवास सांगायला मला जड जातं. जानेवारीत मी ये म्हणालो नव्हतो. आज म्हणतो.

ये, जयवंता. या वेळी अवघड आहे, कारण मराठीत बोलावं लागेल.

हस्ताक्षर माझं, बोलावणं त्याचं,
तुझा मनोहरकाका